जुन्या बुलेटचा स्टिअरिंग डॅम्पर काढावा का? (नागपूर)

संत्रानगरी_३५०

नमस्कार मंडळी. घरी बाबांची बुलेट ३५० आहे, कागदावर १९६५ ची. बाबांनी चालवणं थांबवलं, आता मी चालवते. इंजिन, क्लच, ब्रेक यांचं काम झालेलं आहे, त्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न हँडलचा आहे, म्हणजे हेडलाइटच्या कास्टिंगमधून मधोमध जो काळा नॉब वर येतो त्या, हँडल जड-हलकं करणाऱ्या स्टिअरिंग डॅम्परचा.

नॉब कसलेला असला की सीताबर्डीच्या गर्दीत गाडी सांभाळताना खांदे भरून येतात. माणूस चालतो त्या वेगात ती एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे कलत राहते आणि मी तिला ओढत राहते. नॉब ढिला केला की हे थांबतं. पण मग वर्धा रोडवर साठवरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला की पन्नासच्या आसपास हँडलमध्ये थरथर येते. ब्रेक लावला की वाढते. शिवाय नॉब पूर्ण उघडतच नाही, अर्ध्यात अडतो. जोर लावायची हिंमत होत नाही.

एका मेकॅनिकने सुचवलं, नॉब वरून कापून टाकू, भोकावर काहीतरी चिकटवून देऊ, कटकट संपेल. मी नाही म्हटलं, कारण बाबांनी ही गाडी फार जपली आहे. पण डॅम्पर नीट उघडून काढून ठेवला तर चालेल का? गाडी असुरक्षित होईल का? आणि ती थरथर का येते? ज्यांनी हात काळे केले आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जुना_पाना

ताई, कापू दिला नाहीत ते फार बरं केलंत.

हा प्रकार आतून कसा आहे ते आधी सांगतो, म्हणजे कापणं का वाईट ते कळेल. नॉबखाली एक लांब रॉड आहे. तो स्टेमच्या, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं त्या उभ्या पोकळ नळीतून थेट खाली उतरतो. खाली, फोर्कच्या टीच्या (दोन्ही शॉकप जोडणारा खालचा आडवा भाग) पोटाशी, चकत्यांचा थर असतो. फायबरची चकती, मग लोखंडी पट्टी, पुन्हा फायबरची चकती, आणि सगळ्यात खाली दाबणारी प्लेट. शेवटी नट आणि स्प्लिट पिन. मधल्या पट्टीचं एक टोक फ्रेमला बोल्टने बांधलेलं असतं, त्यामुळे ती हँडलबरोबर फिरत नाही, बाकी सगळं फिरतं. नॉब कसला की रॉड वर ओढला जातो, चकत्या दाबल्या जातात आणि हँडल जड होतं. यात तेल नाही, व्हॉल्व्ह नाही, निव्वळ घर्षण आहे.

आता नॉब वरून कापला असं धरा. दाब गेला, पण रॉड, प्लेट, चकत्या सगळं खालीच राहिलं आणि रॉडला वरून धरणारं काही उरलं नाही. खड्ड्यांत आदळून रॉड खाली सरकणार, प्लेट तिरपी होणार. ती पट्टी टी आणि फ्रेम यांच्या मध्ये अडकली तर हँडल वळलेलं आहे तसंच राहील. चौकात वळताना असं झालं तर गाडी सरळ करायला काही उपाय राहत नाही. म्हणून काढायचा तर वरपासून खालपर्यंत सगळा काढा, नाहीतर सगळा राहू द्या.

थरथरीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. ती डॅम्पर ढिला केल्यामुळे येत नाही. ती आधीपासून आहे, कसलेला डॅम्पर ती दाबून ठेवत होता. आधी पुढची तपासणी करा.

गाडी मेन स्टँडवर घ्या. इंजिनखाली लाकडाचा ठोकळा देऊन पुढचं चाक जमिनीपासून उचला. नॉब जितका ढिला होईल तितका करा. मग चाकासमोर बसून दोन्ही शॉकपच्या खालच्या नळ्या हातात धरा आणि पुढे-मागे हलवा. स्टेमपाशी 'टक' असं जाणवलं तर कप-कोन, म्हणजे स्टेमचे बेअरिंग, ढिले आहेत. त्यानंतर हँडल एका बोटाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा. बरोबर मधोमध हँडल बसल्यासारखं वाटतं का, एखाद्या खाचेत अडकल्यासारखं? ते पाहून इथे लिहा. त्याआधी काहीही उघडू नका.

कामठीरोड

काढता काहून पण? कंपनीनं तो नॉब शोभेसाठी नाही दिला जी. माझ्या सासऱ्यांकडे साइडकारवाली गाडी होती, डॅम्पर ढिला राहिला की वीस-तीसच्या वेगात हँडल असं मारे की हातातून सुटते का काय वाटे. कसला की शांत.

मी आता एकटीच गाडी चालवतो, साइडकार नाही, तरी डॅम्पर ठेवून आहे. मनसरच्या पुढं आत शेतात जायचा माझा रस्ता आहे. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या पडतात अन् पुढचं चाक त्यात गेलं की हँडल झटका देते. तेव्हा नॉब एक-दीड फेरा कसतो, मनगटाला आराम. डांबरीवर आलो की ढिला. दोन बोटांचं काम आहे. शहरात ढिला ठेवा ना बाप्पा, काढून फेकता कशाला?

व्हीआरसीई_मेकॅनिकल

दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे. फक्त दोन वेगळ्या हालचाली एकत्र मिसळल्या जात आहेत, म्हणून थोडं लिहितो.

पहिली हालचाल हँडलची थरथर. यात फक्त पुढचं चाक, फोर्क आणि हँडल स्टेमभोवती झपाझप हलतं, सेकंदाला साधारण चार ते दहा वेळा. बाकी गाडी जवळपास स्थिर असते. ताईंना पन्नासला जाणवतंय ते हेच. दुसरी हालचाल म्हणजे अख्ख्या गाडीचं लहरणं. पुढचं आणि मागचं दोन्ही, कलत-वळत, सेकंदाला दोन-तीन वेळा. ही जास्त वेगात येते आणि मागचा भाग ढिला असला की लवकर येते.

१९७१ मध्ये लीड्स विद्यापीठातल्या रॉबिन शार्प यांनी मोटारसायकलच्या स्थैर्याचं गणित मांडलं, त्यात या दोन्ही हालचाली वेगळ्या काढल्या. त्यातून निघालेली महत्त्वाची गोष्ट अशी की स्टिअरिंगवरचं डॅम्पिंग वाढवलं की थरथर आटोक्यात येते, पण लहरणं उलट वाढू शकतं. म्हणजे डॅम्पर कसत गेलं की गाडी सगळीकडून स्थिर होत जाते ही समजूत चूक आहे. हायवेवर डॅम्पर करकचून बांधून पळवणं मला म्हणूनच पटत नाही.

हळू वेगातल्या जडपणाचं कारण वेगळं आहे. दुचाकी चालण्याच्या वेगात उभी राहते ती आपण हँडल सतत किंचित इकडेतिकडे करत असतो म्हणून. आपल्याला ते कळतही नाही. घर्षणाचा डॅम्पर थांबलेला असताना सर्वांत जास्त अडवतो. एकदा सरकला की कमी अडवतो. त्यामुळे आपण जोर लावतो, हँडल सुटतं आणि गरजेपेक्षा जास्त वळतं, मग परत उलट जोर. ताईंनी लिहिलेलं डावीकडे-उजवीकडे कलणं हे अगदी हेच. आजच्या मोठ्या गाड्यांवरचा तेलाचा डॅम्पर हळू फिरवला तर जवळपास अडवत नाही आणि झटका आला तर जोरात अडवतो. जुन्या घर्षणाच्या डॅम्परला हा फरक कळत नाही, म्हणून तो सारखा कसायचा-सोडायचा नॉब चालवणाऱ्याच्या हाताशी दिला आहे.

साइडकारचं गणित निराळं. ती गाडी कलत नाही, तोलासाठी हँडल हलवायचं नसतं आणि हळू वेगात पुढचं चाक फडफडतं. तिथे डॅम्पर हवाच.

जावा_महाल

आमच्या जावा २५० ला पण हँडलच्या मधोमध असाच डॅम्पर आहे. वडील तो कायम पूर्ण ढिला ठेवत. वाचतोय.

संत्रानगरी_३५०

सगळ्यांचे आभार. पाना दादा, तुम्ही सांगितलं तसं केलं, भाचा मागून गाडी धरून होता. पुढे-मागे हलवल्यावर 'टक' आलं नाही. पण बोटाने फिरवल्यावर हँडल बरोबर मध्यावर येऊन बसतं. तिथून हलवायला थोडा जोर लागतो, मग मोकळं फिरतं. डाव्या टोकाकडे जाताना बारीक करकर पण जाणवते. नॉब कसलेला असताना हे कधी लक्षात आलं नव्हतं, कारण तेव्हा सगळीकडेच जड असायचं.

जुना_पाना

मग निदान झालं. बॉल रेसर, म्हणजे तेच कप-कोन, गेलेत.

या बुलेटच्या स्टेममध्ये वर-खाली एकेक कप-कोनाची जोडी असते आणि प्रत्येक जोडीत पाव इंची १९ छर्रे, म्हणजे एकूण ३८. ते सुटे असतात, जाळीत बसवलेले नसतात. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते. त्यामुळे खड्ड्याचा प्रत्येक दणका छर्ऱ्यांमार्फत कपावर त्याच त्या जागी बसतो. वर्षानुवर्षं तसं झालं की कपात छर्ऱ्यांच्या आकाराचे बारीक खळगे पडतात आणि हँडल मध्यावर त्या खळग्यांत बसतं. आपल्याकडे डांबरी आणि सिमेंट रस्ता जिथे जुळतो तिथल्या पायरीचे दणके यात भर घालतात.

अशा वेळी बरेच जण वरचा नट आवळतात. 'टक' जातं, पण खळगे आणखी खोल होतात. तुमच्याकडे 'टक' नाही आणि खाच आहे, म्हणजे कुणीतरी हे आधी केलेलं असणार.

करायचं काम सांगतो. पुढचा ब्रेक, वायरिंग, स्पीडोमीटरची केबल सोडवून अख्खा फोर्क खाली उतरवावा लागेल. डॅम्परचा रॉड स्टेमच्या आतून जात असल्यामुळे तो आधी काढल्याशिवाय पुढचं काहीच होत नाही. म्हणजे डॅम्पर तसाही बाहेर येणारच आहे. परत बसवायचा की नाही ते नंतर ठरवा.

फोर्क उतरवताना खाली जुनी चादर पसरा, सुटे छर्रे गॅरेजभर उडतात. कप बाहेर ठोकताना सरळ ठोका, आतून एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला. तिरपा निघाला तर फ्रेमची बैठक खराब होते. नवीन सेटमध्ये कप, कोन आणि छर्रे एकत्रच घ्या. जुन्या कपात नवे छर्रे टाकून पैसे वाचत नाहीत. ग्रीस चांगलं लिथियमचं घ्या, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि साधं कप ग्रीस तेल सोडतं. ते तेल खाली गळून डॅम्परच्या चकत्यांवर जातं, मग चकत्या धड अडवत नाहीत आणि माणूस नॉब आणखी कसत जातो.

नट आवळताना जुन्या मॅन्युअलमध्ये दिलेली कसोटी अजूनही उत्तम आहे. चाक उचललेलं असताना हँडलला हलकी टिचकी मारली की ते आपोआप टोकापर्यंत गेलं पाहिजे, दोन्ही बाजूंना, आणि तरीही पुढे-मागे हलवल्यावर खेळ जाणवता कामा नये. नट फिरवायच्या आधी स्टेमला धरणाऱ्या क्लिपचे स्क्रू ढिले करा, झाल्यावर परत आवळा. हा आवळायचा राहिलेला स्क्रू मी फार गाड्यांवर पाहिला आहे. पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासा, कारण नवे कप थोडे बसतात.

इतवारी_लेथ

अडलेल्या नॉबबद्दल मी लिहितो, हे माझं रोजचं काम आहे.

ताई, तो अर्ध्यात अडतो याची दोन कारणं असतात. एक, खालच्या प्लेटच्या आट्यांत गंज. कास्टिंगच्या भोकातून पावसाचं पाणी रॉडवरून घरंगळत थेट खालच्या आट्यांवर जातं आणि तिथेच थांबतं. दोन, खालची स्प्लिट पिन. ती मुद्दाम घातलेली असते, नॉब पूर्ण उघडून प्लेट खाली पडू नये म्हणून. नॉब ठरावीक जागी कडक थांबत असेल तर ती पिन आपलं काम करते आहे. तिथे जोर लावलात तर रॉड पिळला जाईल.

म्हणून सुरुवात खालून करायची. टीच्या खाली टॉर्च मारून बघा. चिखलाचा थर असेल तर रॉकेलमध्ये बुडवलेल्या ब्रशने साफ करा. पिन दिसली की सरळ करून ओढून काढा. तुटली तर तुटू द्या, नवी दोन रुपयाला मिळते. मग आट्यांवर डब्ल्यूडी फॉर्टी मारून रात्रभर सोडा. सकाळी पुन्हा मारा. नॉब पाव फेरा उघडा, मग थोडा परत कसा, पुन्हा उघडा. असं मागेपुढे करत गंजाचा चुरा बाहेर येऊ द्या. एकाच दिशेने जोर लावायचा नाही. नॉबला पाइप पाना लावू नका, जुना नॉब बॅकेलाइटसारख्या मालाचा असतो, एका झटक्यात तडकतो.

तरी नाही निघाला तर खालच्या प्लेटला गरमी देतात, पण टाकी उतरवल्याशिवाय नाही. पेट्रोलच्या जवळ आग नको, मग किती का घाई असेना. ते काम घरी करू नका.

अजून एक. या गाड्यांच्या आट्या इंग्रजी मापाच्या आहेत. बाजारातला मेट्रिक नट पहिले दोन फेरे जातो, मग अडतो. तो पान्याने पुढे रेटला की रॉड कायमचा गेला.

कामठीरोड

लेथ भाऊ, आगीचं बरं सांगितलं.

व्हीआरसीई_मेकॅनिकल

ताई, फोर्क उतरवणारच आहात तर दोन-तीन गोष्टी सोबत बघून घ्या, नाहीतर रेसर बदलूनही थोडी थरथर राहील. पुढच्या चाकाचं रिम लपकत नाही ना, स्पोक सगळे सारखे ताणलेले आहेत ना. टायर कधीचा आहे आणि एका बाजूने झिजलाय का. हवा पुढे १८ ते २० आणि मागे २८ ते ३० च्या आसपास असू द्या, ३.२५-१९ चा टायर धरून सांगतोय. पेट्रोल पंपावर पुढे-मागे सारखीच ३५ हवा भरून देतात, तसं करू देऊ नका. आणि मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत आहे का. चेन ताणताना एका बाजूचा अ‍ॅडजस्टर जास्त फिरला की मागचं चाक तिरपं बसतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत दोरी ताणून दोन्ही टायरांना लावली की लगेच दिसतं.

फुटाळा_सकाळ

एक वेगळा मुद्दा. गाडी १९६५ ची म्हणजे पन्नास वर्षांच्या पुढची. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपातली, मोठे फेरफार न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. क्रमांकात 'व्हीए' अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. पुढेमागे तसा विचार असेल तर फ्रेमवरची, डॅम्परची पट्टी बांधायची ती कान-पट्टी कापू नका. बोल्टने काढलेली वस्तू बोल्टने परत लागते. ग्राइंडरने कापलेली लागत नाही.

मात्र अशी नोंदणी केली की गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यापुरतीच रस्त्यावर. तुम्ही रोज चालवत असाल तर हे आधी नीट विचारात घ्या.

संत्रानगरी_३५०

व्हीए नको, मला चालवायचीच आहे. बाबांचंही तेच म्हणणं आहे, उभी ठेवण्यासाठी घेतली नव्हती म्हणाले.

काम झालं, म्हणून लिहिते. सक्करदऱ्याला एका वयस्क मेकॅनिक काकांकडे गेले. त्यांना हा धागा वाचून दाखवला. पिन काढून, रात्रभर तेल मुरवून, मागेपुढे करत नॉब निघाला, तडकला नाही. रॉड वर ओढला तेव्हा वरचा अर्धा भाग चकचकीत होता आणि खालचा वीतभर भाग तांबडा, खरबरीत, जिथे पाणी साचत होतं तिथे नखाने टोचता येतील एवढे खड्डे. फायबरच्या दोन चकत्यांपैकी वरची ग्रीस पिऊन काळी मऊ झाली होती. खालचीचे तीन तुकडे झालेले होते, आणि त्यातला एक तुकडा पट्टीच्या बाजूने अर्धा बाहेर आलेला होता. काकांनी तो मला हातात दिला आणि म्हणाले, हा अडकला असता. वरून कापायचं ठरलं असतं तर हे कुणी पाहिलंच नसतं.

खालच्या कपात खळगे स्पष्ट दिसत होते, ओळीने, एकसारखे. वरच्यात कमी. डावीकडची करकर एका फुटलेल्या छर्ऱ्याची होती. नवीन सेट टाकला, छर्रे मोजून १९ आणि १९. टायरची हवा खरंच दोन्हीकडे ३५ होती. मागचं चाकही किंचित तिरपं निघालं, ते सरळ केलं.

सध्या डॅम्पर अजिबात न लावता चालवते आहे. वर्धा रोडवर जामठ्यापर्यंत जाऊन आले. साठवरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला, ब्रेक लावला, हँडल शांत. सीताबर्डीत तर वेगळीच गाडी वाटते, एका हाताने क्लच सांभाळून वळवता येते.

आता पुढचा प्रश्न. परत बसवू की असंच ठेवू?

जुना_पाना

फार छान काम झालं. ग्रीस पिलेली ती चकती रेसरची अवस्थाही सांगून गेली.

तुमचा वापर शहर आणि हायवे असा आहे. एकटीची गाडी, साइडकार नाही. असंच ठेवा. रेसर नीट, टायर नीट, चाकं रेषेत असतील तर साध्या ३५० ला डॅम्परची गरज पडत नाही. उलट तो नसला की स्टेममध्ये बिघाड सुरू झाल्यावर तुम्हाला लगेच हातात कळेल, लपणार नाही. माझ्या दृष्टीने हा सर्वांत मोठा फायदा आहे.

फक्त दोन गोष्टी. कास्टिंगचं वरचं भोक उघडं ठेवू नका. इलेक्ट्रिकच्या दुकानात बंद तोंडाचे रबरी ग्रोमेट मिळतात, मापाचा एक घट्ट बसवा, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी स्टेममधून खालच्या नव्या रेसरवर जाईल. आणि पट्टी बांधायचा फ्रेमवरचा बोल्ट रिकामा घालून ठेवा, आट्या गंजणार नाहीत.

कामठीरोड

मी आपल्या मतावर ठाम आहे, पण ताईच्या रस्त्याला नको हे मान्य. माझ्या रस्त्याला पाह्यजे. ताई, कधी कच्च्या रस्त्यानं खिंडसीकडून आत जायचं ठरवलं तर नव्या चकत्या टाकून बसवून पहा, फरक हाताला कळेल. सामान फेकू नका.

संत्रानगरी_३५०

नाही फेकणार, दादा. रॉड लेथवर दुरुस्त होईल का, आणि चकत्या कुठे मिळतील?

इतवारी_लेथ

रॉडचा खालचा भाग फक्त वरवर गंजला असेल तर घासून चालतो. पण तुम्ही लिहिलं तसे खड्डे असतील तर नवा बनवा. जुना नमुना म्हणून सोबत आणा, आट्या त्याच मापाच्या काढून मिळतील. जुना टाकू नका.

चकत्या तयार नाही मिळाल्या तर ब्रेक लायनिंगचं काम करणाऱ्याकडे जा. जाड लायनिंगच्या शीटमधून जुन्या चकतीच्या मापाने कापून देतो. जाडी तीच ठेवा, जास्त झाली तर खालची पिन बसणार नाही. जुन्या चकत्या घासू नका, झटकू पण नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ छातीत जाऊ नये. ओल्या कपड्याने पुसून पिशवीत बंद करा, मापासाठी तेवढ्या ठेवा. नव्या चकत्या बसवाल तेव्हा कोरड्या बसवा, ग्रीसचा हात लागू देऊ नका.

सगळं सामान काढल्या क्रमाने एका तारेत ओवून ठेवा. नॉब, स्प्रिंग, वरची चकती, पट्टी, खालची चकती, प्लेट, नट. पट्टीची वरची बाजू कोणती यावर खडूने खूण करा. ती उलटी लागली तर टीला घासते.

जावा_महाल

लेथ दादा, जावाचा रॉड पण बनवून द्याल का? आमचा खालून वाकलाय.

इतवारी_लेथ

होईल. प्लेट अन् नट सोबत आणा, नुसत्या रॉडवरून आट्यांचं माप नक्की होत नाही. रविवारी दुकान बंद असतं.